मांडीवरची शेगडी

(घरगुती शास्त्र)

लॅपटॉप ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थ मांडीवर ठेवावयाचें यंत्र असा होतो. नांवावर विश्वास ठेवून आपण तें मांडीवर घेतों, आणि अर्ध्या तासांत मांडी भाजूं लागली म्हणजे यंत्राला दोष देतों. हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत पाटा-वरवंटा नसला तरी चालतें, पण लॅपटॉप एक तरी असतोच. मुलांचा अभ्यास, कर्त्या स्त्रीपुरुषांची कचेरी, परदेशीं असलेल्या लेकीशीं बोलणें, आजोबांच्या बँकेचे हिशेब, हें सर्व त्या एका डबींत सांठविलेलें असतें. अशा वस्तूला ताप आला म्हणजे घरच्या माणसांच्या जिवाला घोर लागावा, हें स्वाभाविक आहे.

ह्या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ही तक्रार वारंवार आढळते. त्यांतील अमरावतीच्या एका भगिनींचें पत्र प्रातिनिधिक म्हणून घेतों. त्यांचा मुलगा स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करतो. दुपारीं वीज गेली कीं तो यंत्र बॅटरीवर चालवितो, आणि नेमकें तेव्हांच तें इतकें तापतें कीं त्यावर हात ठेववत नाहीं. वीज असतां तसें होत नाहीं. एका दुकानदारानें आंतला पंखा बदलण्यास सांगितलें. दुसऱ्यानें नवें यंत्रच घ्या, असा सल्ला दिला. परीक्षा दीड महिन्यावर आली आहे, आणि नवें यंत्र घ्यावयाचें तर धाकट्या मुलीच्या फीसाठीं ठेवलेल्या पैशांना हात लावावा लागेल. अशा स्थितींत काय करावें, असा त्यांचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर एवढेंच कीं, पैसा खर्च करण्यापूर्वीं निदान करावें. 'आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं' अशी गत ह्या बाबतींत जितक्या वेळां होते तितकी क्वचितच दुसरीकडे होत असेल.

प्रथम उष्णता येते कोठून तें पाहूं. लॅपटॉप जेवढी वीज खातो तेवढी जवळजवळ सर्व शेवटीं उष्णतेचें रूप घेते. साधें लिहिणें-वाचणें चाललें असतां ही वीज दहा-पंधरा वॅट असते; जड कामें काढलीं कीं मोठ्या यंत्रांत ती पन्नास-साठ वॅटांच्याहि पुढें जाते. जुन्या पद्धतीच्या साठ वॅटच्या पेटलेल्या दिव्याला ज्यांनीं कधीं चुकून बोट लावलें असेल, त्यांना ह्या आंकड्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

यंत्रांत उष्णतेचीं मुख्य स्थानें दोन. पहिलें स्थान म्हणजे प्रोसेसर, यंत्राचा मेंदू. तो बहुधा कळफलकाच्या वरच्या अंगास, पडद्याच्या बिजागरीजवळ असतो. त्याची उष्णता वाहून नेण्यासाठीं तांब्याची एक चपटी नळी बसविलेली असते. तिच्यांत थोडेसें पाणी असतें. तापलेल्या टोकाशीं त्याची वाफ होते, थंड टोकाशीं त्या वाफेचें पुन्हां पाणी होतें, आणि ह्या येरझारींत उष्णता पंख्याजवळच्या पातळ पत्र्यांपर्यंत पोंचते. अमेरिकेंतील लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेंत जॉर्ज ग्रोव्हर ह्यांनीं १९६३ सालीं ही युक्ति प्रत्यक्षांत उतरविली. पत्र्यांपर्यंत आलेली उष्णता यंत्राचा पंखा वाऱ्यानें बाहेर लोटतो. दुसरें स्थान म्हणजे बॅटरी. ती बहुधा आपल्या बाजूला, तळहात टेकतात त्या भागाखालीं असते. तिच्यासाठीं नळीहि नसते आणि पंखाहि नसतो. तिची उष्णता कवचांतूनच हळूहळू बाहेर पडते. हीं दोन स्थानें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं. यंत्र कोठें तापतें हें कळलें कीं अर्धें निदान झालें.

खरें पाहतां बॅटरीवर चालतांना यंत्र थंड राहावयास पाहिजे. बॅटरी पुरावी म्हणून बहुतेक यंत्रें त्या वेळीं प्रोसेसरचा वेग आपण होऊन आवरतात व पडदा मंद करतात. असें असतां तें उलट अधिक तापत असेल तर त्याला कांहीं विशेष कारण असलेंच पाहिजे. तें कारण म्हणजे बॅटरीच, असें आपण धरून चालतों, आणि येथेंच गफलत होते. वीज गेली म्हणजे एकच नव्हे, चार गोष्टी एकदम बदलतात. खोलींतला छताचा पंखा थांबतो. दोरी सुटलेलें यंत्र टेबल सोडून गादीवर, खिडकीशीं किंवा मांडीवर येतें. यंत्राच्या आंतील पंख्याचे नियम बदलतात. आणि चौथी गोष्ट म्हणजे बॅटरींतून प्रवाह वाहूं लागतो. चार आरोपी समोर उभे असतां चौकशीवांचून एकालाच शिक्षा देणें हा न्याय नव्हे.

ह्या चौघांना वेगवेगळें करण्याची कसोटी घरच्या घरीं होते व तिला पैसाहि पडत नाहीं. वीज असतांना, छताचा पंखा चालूं ठेवून, यंत्र टेबलावर किंवा लांकडी पाटावर ठेवावें. बॅटरी आधीं पूर्ण भरून घ्यावी. अर्धवट असली तर ती भरतांना होणारी उष्णता मध्यें येऊन घोटाळा करील. मग चार्जर लावलेला ठेवून अर्धा तास एखादें ठराविक काम करावें. उदाहरणार्थ, व्याख्यानाचा एखादा व्हिडिओ लावावा. कोठें व किती तापतें तें हातानें पाहून लिहून ठेवावें. नंतर यंत्र पूर्ण निवूं द्यावें, आणि त्याच जागीं, त्याच पंख्याखालीं, पडद्याचा प्रकाश तितकाच ठेवून, तेंच काम चार्जर काढून अर्धा तास करावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, हें ह्या परीक्षेचें मर्म होय. एका दिवशीं चार काढे देणाऱ्या वैद्याला कोणत्या काढ्यानें गुण आला तें सांगतां येत नाहीं.

आतां ह्या परीक्षेचे निकाल पाहूं. दुसऱ्या खेपेस यंत्र पहिल्याहून अधिक तापलें नाहीं, व दोन्ही खेपांस तें सोसण्याइतपतच ऊन राहिलें, तर बॅटरी निर्दोष आहे. दोष जागेचा किंवा खोलीचा. बहुतेक लॅपटॉप तळाच्या छिद्रांतून हवा आंत ओढतात. गादी, उशी, रजई ह्यांचें कापड त्या छिद्रांशीं असें बिलगतें कीं यंत्राचा श्वासच कोंडतो. त्यासाठीं बाजारांतील पंखेदार बैठक विकत आणलीच पाहिजे असें नाहीं. घरांतील साधा पाट किंवा लहान चौरंग हें काम उत्तम करतो. मात्र त्यावर आसन अंथरूं नये.

खोलीचें म्हणाल तर पंखा कोणताहि असो, तो यंत्राला भोंवतालच्या हवेहून अधिक थंड करूं शकत नाहीं. खोली २५ अंशांवरून ४२ अंशांवर गेली तर त्याच कामांत यंत्राच्या आंतील भागहि सुमारें १७ अंशांनीं अधिक तापतील. ॲपल कंपनी आपले लॅपटॉप १० ते ३५ अंशांच्या हवेंत वापरावे असें सांगते. विदर्भांत वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हां वीज गेलेल्या बंद खोलींत दुपारीं दोन वाजतां हें यंत्र चालविणें म्हणजे तापलेल्या माणसाला घोंगडी पांघरण्यासारखें आहे. त्या वेळीं पुस्तकी अभ्यास करावा, यंत्राचें काम पहांटेस ठेवावें. तें शक्य नसेल तर निदान पडदा मंद करावा, नको असलेल्या खिडक्या मिटाव्या आणि दारासमोर वाऱ्याच्या वाटेवर बसावें.

मांडीविषयीं दोन शब्द. काश्मीरांत थंडीच्या दिवसांत कांगडी नांवाची निखाऱ्यांची लहान शेगडी फिरनच्या आंत पोटाशीं धरतात. तिच्या नित्य वापरानें कातडीवर जाळीसारखे तांबूस-करडे डाग पडतात. लॅपटॉप मांडीवर घेऊन तासन्‌तास बसणाऱ्यांच्या मांडीवरहि तसेच डाग डॉक्टरांनीं पाहिलेले आहेत. ४४ अंशांचा स्पर्श सहा तास टिकला तर त्वचा भाजते, असें मॉरिट्झ व हेन्रिक्स ह्यांनीं १९४७ सालीं दाखविलें. आणि डाग पडण्यास तेवढाहि ताप लागत नाहीं. चटका बसत नाहीं म्हणून इजा होत नाहीं, असें समजूं नये.

दोन्ही खेपांस यंत्र सारखेंच कडक तापलें, तर दोष प्रोसेसरच्या बाजूचा समजावा. त्याचीं कारणें दोन: न दिसणारें काम, किंवा धूळ. विंडोज प्रणालींत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या कीं टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत कोणता कार्यक्रम प्रोसेसरचा किती वेळ खात आहे तें शेंकड्यांत दिसतें. आपण स्वस्थ बसलों असतांहि एखादा कार्यक्रम तीस-चाळीस टक्के खात असेल तर तो बंद करावा. तसें कांहीं नसेल आणि यंत्राला तीन-चार वर्षें झालीं असतील, तर पत्र्यांच्या फटींत धुळीचा नमदा बसलेला असावयाचा. शिवाय प्रोसेसर व नळी ह्यांच्यामध्यें जो उष्णतावाहक लेप असतो, तोहि कालांतरानें सुकतो. हें काम माहितगार कारागिराकडून करून घ्यावें. तें नव्या यंत्राहून पुष्कळच स्वस्त पडतें. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला कीं स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीहि भागलें नाहीं तर यंत्र आपोआप बंद पडतें. म्हणून 'यंत्र फार मंद झालें आहे' ही तक्रारसुद्धां पुष्कळदां तापाचीच असते.

दुसऱ्या खेपेसच ताप वाढला आणि तो बिजागरीजवळ असला, तर यंत्राचे नियम तपासावे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधील प्रगत निवडींत पुष्कळ यंत्रांवर 'सिस्टिम कूलिंग पॉलिसी' अशी एक ओळ आढळते. तींत 'ॲक्टिव्ह' निवडलें असेल तर पंखा आधीं जोरांत फिरतो. 'पॅसिव्ह' असेल तर आधीं प्रोसेसर मंद होतो व पंखा मागाहून धांवतो. बॅटरीवर असतांना पुष्कळ ठिकाणीं 'पॅसिव्ह' हाच नियम लावलेला असतो. तो बदलून 'ॲक्टिव्ह' केला कीं पंख्याचा आवाज थोडा वाढेल, पण यंत्र निवेल. कांहीं नव्या यंत्रांत ही ओळ दिसत नाहीं. तेथें 'पॉवर मोड' पाहावा, आणि बॅटरीसाठीं कोणी 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडून ठेवलें असेल तर तें काढावें.

ह्याच सदरांत पिशवींतला ताप येतो. झांकण मिटलें म्हणजे यंत्र झोपलें, अशी आपली समजूत असते. परंतु हल्लींचीं पुष्कळ यंत्रें झोपेंतहि अर्धवट जागीं असतात. मध्येंच एखादी नवी आवृत्ति उतरवून घेण्यासाठीं तीं उठतात, आणि पिशवींत हवा नसल्यामुळें निखाऱ्यासारखीं तापतात. प्रवासास निघतांना झांकण मिटण्यावर भिस्त न ठेवतां यंत्र पूर्ण बंद करावें.

आतां शेवटचा प्रकार. चार्जर काढल्यावरच ताप येतो, आणि तो तळहाताखालच्या भागांत असतो. येथें मात्र बॅटरीच दोषी ठरते. विद्युत्प्रवाहानें उष्णता कशी उत्पन्न होते ह्याचा नियम जेम्स जूल ह्यांनीं १८४१ सालीं प्रसिद्ध केला. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, आणि वाटेंतील विरोध जितका मोठा तितकी ती वाढते. नव्या बॅटरींत हा विरोध अल्प असतो. वयोमानानें तो वाढत जातो. उदाहरणादाखल असें धरूं कीं, ११ व्होल्टची बॅटरी यंत्राला ३३ वॅट पुरवीत आहे. म्हणजे प्रवाह ३ अँपिअर झाला. विरोध ०.१ ओहम असेल तर बॅटरीच्या पोटांत ०.९ वॅट उष्णता होईल, तोच ०.४ ओहम झाला तर ३.६ वॅट होईल. आंकडा लहान दिसतो, परंतु वाऱ्यावांचून बंद असलेल्या जागेंत चौपट उष्णता ही थोडकी गोष्ट नव्हे. बॅटरी संपत आली म्हणजे तिचा दाब उतरतो. तितकीच शक्ति देण्यासाठीं प्रवाह वाढवावा लागतो, आणि त्या वेळीं विरोधहि वाढतो. म्हणून ताप शेवटच्या वीस टक्क्यांत विशेष जाणवतो. तोंवर थांबूं नये. आधींच यंत्र बंद करावें.

बॅटरीचें वय यंत्राच्याच तोंडून काढतां येतें. विंडोजमध्यें कमांड प्रॉम्प्ट उघडून, इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी' हा एक शब्द, मग एक जागा मोकळी, मग तिरकी रेघ व तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' असें लिहावें. यंत्र एक अहवाल तयार करतें. त्यांत 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे बॅटरी नवी असतांनाची धारणाशक्ति, आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आज उरलेली. पहिला आंकडा ५०,००० व दुसरा ३०,००० असला तर बॅटरींत साठ टक्के प्राण उरला आहे. ॲपलच्या यंत्रांत बॅटरीच्या निवडींतच तिच्या प्रकृतीचा शेरा दिलेला असतो.

तेव्हां अमरावतीच्या भगिनींनीं प्रथम वरील कसोटी करावी. बॅटरी दोषी ठरली तरी नवें यंत्र घेण्याचें कारण नाहीं. बॅटरी तेवढी बदलावी. ती मात्र नांवगांव नसलेली स्वस्तांतली घेऊं नये. लिथियम बॅटऱ्यांसाठीं भारतीय मानक ब्युरोचें आयएस १६०४६ हें मानक असून त्याखालील नोंदणीचा क्रमांक बॅटरीवर छापलेला असावा लागतो. तो पाहून व पावती घेऊनच खरेदी करावी. कसोटींत बॅटरी निर्दोष ठरली तर पाट, वाऱ्याची जागा आणि पहांटेची वेळ ह्यांनींच काम भागेल, आणि मुलीच्या फीचे पैसे जागच्या जागीं राहतील.

एका लक्षणापुढें मात्र कोणतीहि कसोटी करीत बसूं नये. टेबलावर ठेवलेलें यंत्र डुगडुगूं लागलें, झांकण नीट मिटेनासें झालें, कळफलकाखालची स्पर्शपट्टी वर उचलली गेली किंवा दाबली जाईना, तर बॅटरी फुगली आहे असें समजावें. आंतील द्रव्यांचें विघटन होऊन वायु सांठल्यामुळें ती फुगते. यंत्र ताबडतोब बंद करावें, चार्जर काढावा, पुन्हां लावूं नये. फुगवटा दाबूं नये, टोंचूं नये, बॅटरी घरीं उचकटूं नये. यंत्र पडदे व अंथरुणें ह्यांपासून दूर, उघड्या फरशीवर ठेवून दुरुस्तीच्या दुकानांत पोंचवावें. सुरसुर आवाज किंवा धूर येऊं लागला तर यंत्र वांचविण्याच्या नादीं न लागतां मुलांमाणसांना बाहेर काढावें, धूर हुंगूं नये, आणि १०१ क्रमांकावर अग्निशामक दलास कळवावें.

ही भीति पोकळ नव्हे. सोनी कंपनीनें १९९१ सालीं लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आणली. तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु २००६ सालीं डेल कंपनीला आपल्या लॅपटॉपांतील सुमारें ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. बनावटीच्या वेळीं आंत राहिलेल्या धातूच्या सूक्ष्म कणांमुळें त्या पेट घेण्याचा संभव होता. इतक्या थोड्या जागेंत इतकी शक्ति कोंडलेली असतां ती सांभाळण्याची जबाबदारीहि तितकीच मोठी असते.

ताप उतरविण्याचे दोन घरगुती उपायहि टाळावे. तापलेलें यंत्र शीतकपाटांत ठेवूं नये किंवा खालीं ओला पंचा घालूं नये. बाष्प जमून आंतील विद्युत्‌पट्ट्या बिघडतात. काढून टाकलेली बॅटरी घंटागाडींत देऊं नये. कचऱ्यांत चिरडली जाऊन ती पेट घेते. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांप्रमाणें वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था उत्पादकांनीं करावयाची आहे. नवी बॅटरी घेतांना जुनी दुकानांतच द्यावी व तशी नोंद मागावी.

घरांतील वडील माणसांस एक विनंति आहे. मुलें रात्रीं अभ्यास करतां करतां यंत्र उशाशीं ठेवून झोंपीं जातात, आणि तें रजईखालीं तसेंच चालूं राहतें. दिवा मालवावयास जाल तेव्हां यंत्रहि बंद करून टेबलावर ठेवावें, आणि ठेवतांना तळाकडची बाजू सपाट आहे कीं फुगली आहे, तें हातानें एकवार चांचपून पाहावें.